गायरानावरची ओल

पाटाला पाणी सुटलं की मला घरात बसवत नाही. काल सकाळी नातवाने ओट्यावरूनच ओरडून सांगितलं, "आजी, आवर्तन सुटलं!" आणि मी लसूण सोलायचा टाकून चपला शोधायला लागले. सून हसते. तिला वाटतं, म्हातारीला पाण्याचं खूळ आहे. आहेच मुळी! पाथर्डीकडच्या डोंगराखाली जन्मलेल्या बाईला पाण्याचं खूळ नसेल तर कोणाला असेल? कोरड्या चारीतून पाणी येताना आधी पाणी दिसतच नाही. वाळका पाला, काड्या, कोणाची तरी तुटकी चप्पल आणि मळकट फेसाचा एक पट्टा हळूहळू पुढे सरकत येतो. त्याच्या पुढे मुंग्या आणि किडे जीव घेऊन पळतात, त्यांच्यामागे बगळे येतात, आणि मग कुठे पाणी. एवढी वर्षं बघतेय, तरी काल पुन्हा काठावर उभी राहून मी लहान पोरीसारखी टाळी वाजवली. शेजारून मोटारसायकलवर चाललेल्या पोराने वळून बघितलं. बघू दे.

पाणी दिसलं की मला एकाहत्तर-बाहत्तरचा तो हिवाळा आठवतो. माझं लग्न त्याआधीच्या उन्हाळ्यात झालं होतं. माहेरी आम्ही परातीत उभं राहून अंघोळ करायचो आणि ते पाणी म्हशीला नाहीतर दारातल्या तुळशीला जायचं. आणि सासरी शिवाराच्या मधून पाट! धरणाचं पाणी गावात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जन्मभर बाजरी-मटकी केलेल्या माणसांनी ऊस लावला होता आणि सगळं गाव थोडंसं चढल्यासारखं वागत होतं. पाटावर काही काम नसताना माणसं नुसती जाऊन बसत. नवी नवरी म्हणून मला बाहेर पडायला बंदी, पण धुण्याचं निमित्त करून मी रोज जायची. धुणं थोडं आणि पाण्यात पाय सोडून बसणं जास्त, हे आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पक्कं ठाऊक होतं. त्या एकदाच म्हणाल्या, "पाय धुऊन धुऊन झिजतील गं बाई." पण धुणं माझ्याकडून काढून घेतलं नाही.

मामंजींना, माझ्या सासऱ्यांना, तर पाण्याचा आनंद आवरतच नव्हता. पाण्याची पाळी आली की धोतर खोचून, खांद्यावर फावडं टाकून ते स्वतः दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी सोडायला निघत. वाफा भरला, तुडुंब झाला, बांधावरून पाणी पलीकडे गेलं, तरी यांचं चालूच. नव्या जावयाच्या ताटात नको नको म्हणताना आणखी एक पोळी वाढावी, तसा त्यांचा जमिनीला आग्रह. "पिऊ दे, पिऊ दे. बापजल्मी मिळालं न्हाई तिला," असं म्हणायचे. सारं गाव असंच करत होतं. जमीन सुकून वाफसा यायच्या आत पुढची पाळी, आणि पाळी नसली तरी पाटकऱ्याची मनधरणी. मला ते फार आवडायचं. जमिनीची तहान भागवणारे सासरे मिळाले, याचा मला माहेरी पत्र लिहिण्याइतका अभिमान होता.

आणखी एक मजा होती. गावच्या आडाचं पाणी वर येत चाललं होतं. पूर्वी म्हणे दोर ओढून बायकांचे हात सोलून निघत. आता दर महिन्याला दोर कापावे लागत होते. कापलेल्या दोराचे तुकडे घरोघरी खुंटीला लटकलेले असायचे आणि आत्याबाई ते आल्यागेल्याला दाखवायच्या. "ह्यो बघा, एवढा दोर कमी झाला!" आम्ही त्या तुकड्यांची शिंकी केली. पाणी आपल्याला भेटायला वर येतंय, असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटलं.

त्यात त्या वर्षी रेडिओ. गावात रेडिओ एकच, पंचायतीचा, आणि तो मारुतीच्या पारावर लागायचा. पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते, मग युद्ध सुरू झालं. धाकटे भाऊजी भिंगारला लष्कराच्या कचेरीत नोकरीला. ते आले की गाव त्यांच्याभोवती गोळा व्हायचं, जसे काही रणगाडे तेच हाकत होते. दिवे झाका म्हणून हुकूम आला, तर गावात वीजच नव्हती. तरी घरोघरी कंदिलाच्या काचेला काळा कागद लागला, कारण आपणही लढाईत आहोत असं वाटायला काहीतरी हवंच ना! पत्राला निर्वासितांसाठी जास्तीचं तिकीट लावावं लागे, ते मी जिभेवर ओलं करून मोठ्या ऐटीत चिकटवायची.

पारावर रोज वाद. एवढी माणसं घेऊन देश खाऊ काय घालणार? पण घराच्या दारात आलेल्याला हाकलायचं कसं? आमच्या शाळेचे गुरुजी तावातावाने बोलायचे. शाळेच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता. "जमीन तेवढीच राहणार आहे, मंडळी. तोंडं वाढली, तर झाडं, कुरणं, पाणी, काही उरणार नाही." गुरुजींना स्वतःला पाच लेकरं, त्यामुळे त्यांचं भाषण संपलं की कोणीतरी हमखास खोकायचं. पण त्यांचं म्हणणं मला पटायचं. एका दुरडीत भाकरी किती आणि खाणारे किती, हा हिशोब बायकांना वेगळा शिकवावा लागत नाही. शेवटी गावाने काय केलं? मामंजी उठले, म्हणाले, "ते आपल्याच जिवाचे हायेत," आणि निर्वासितांसाठी बाजरीची पोती आणि जुन्या कपड्यांची गाठोडी भरून बैलगाडी तालुक्याला धाडली. त्या गाडीत माझं एक जवळजवळ नवं लुगडं गेलं. मला जराही वाईट वाटलं नाही.

आणि त्याच आठवड्यात आमच्या गावात निर्वासित आले. आम्ही त्यांना निर्वासित म्हणत नव्हतो एवढंच.

ते आले ते बैलांच्या घुंगरांच्या आवाजात. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला होता आणि कोरड्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरत होत्या. गावाखाली ओढ्यालगत गायरान होतं, त्यात जुन्या कडुलिंबांची रांग. त्या सावलीत त्यांनी पाचटाच्या कोप्या उभ्या केल्या. मी पाटावर धुणं आपटत होते आणि पलीकडून एक हसणं ऐकू आलं. मोठ्याने, तोंडावर हात न घेता, शेवटी धाप लागेपर्यंत. असं जगात एकच माणूस हसतं! मी धुणं पाण्यात सोडून पळाले. शेवंता! माझ्या माहेरच्या वाड्यामागची, माझ्याबरोबर शेण गोळा केलेली, बोरं चोरलेली शेवंता. डोक्यावर उसाची मोळी, हातात कोयता, आणि पोट पुढे आलेलं. आम्ही दोघी मोळीसकट एकमेकींच्या गळ्यात पडलो. तोवर माझं एक पातळ पाटातून वाहून गेलं, ते पुढच्या गावात सापडलं. आत्याबाईंनी त्या दिवशी खरंच बोल लावले, पण मी इतकी खुशीत होते की मला ते ऐकूच आले नाहीत.

माहेर दारात येऊन राहावं, याहून मोठं सुख नव्या सुनेला नाही. ऊस तुटत होता, गाड्या कारखान्याकडे रांगा लावत होत्या, वाढ्यांचा, उसाच्या तोडलेल्या शेंड्यांचा, हिरवा वास सगळीकडे भरला होता, रेडिओवर युद्ध जिंकल्याची बातमी आली, गावाने पेढे वाटले आणि मी एक पेढा पदरात लपवून शेवंताला नेऊन दिला. तिने तो अर्धा तोडून पुन्हा माझ्याच तोंडात घातला. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आक्के, आमी औंदा माघारी जात न्हाई. तिकडं हिरीत चिखल बी ऱ्हायला न्हाई. हे म्हनत्यात, हितंच खुरपायला, बांधायला काम मिळंल. माझं बाळंतपन हितंच व्हऊ दे. तुज्या सासऱ्याला सांग की."

सांगणार कोण? मामंजींसमोर मी मान वर करून कधी बोलले नव्हते. आणि त्यांच्या मनात तर नेमकं उलटं होतं. कारण गायरानातले लिंब वाळत चालले होते.

आधी शेंडे वाळले, मग फांद्या. फाल्गुनात लिंबाची पानगळ होते आणि लगेच तांबूस पालवी फुटते. वरच्या माळावरच्या लिंबांना ती फुटलीसुद्धा. गायरानातले मात्र बोडके ते बोडकेच. ते लिंब मामंजींच्या आजोबांनी लावलेले, त्यामुळे त्यांच्या जिवाला फार लागलं. दोष कोणाचा, हे गावाने लगेच ठरवून टाकलं. कोपीवाले साली काढतात. चुलीची गरम राख बुडाशी टाकतात. त्यांच्या बैलांच्या मुताने मुळं जळाली. बैल हलवायला लावले. बिचाऱ्यांनी निमूट हलवले. लिंब वाळतच राहिले.

पाराला आता नवा विषय मिळाला, आणि आश्चर्य म्हणजे वाद तोच, शब्दही तेच. गुरुजी म्हणाले, "मी सांगत नव्हतो? माणसं वाढली की आधी झाड मरतं." ज्यांचा ऊस खुरपायचा राहिला होता ते म्हणाले, "माणसं गेली तर कामाला कोन येनार? तुमी येता का गुरुजी?" कोणी म्हणालं, एक टोळी राहिली की पुढल्या साली दहा येतील. घरी जेवताना मामंजी मला ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाईचं समदं म्हायेर हितंच आलंय. उद्या पाटाचं पानी बी पुरायचं न्हाई." मी तव्यावरची भाकरी करपवली. मला राग आला होता, सरळ सांगते. परक्या मुलखातल्यांना बाजरीची पोती धाडणारा माणूस, आणि ओढ्यापलीकडच्या शेवंताला मात्र जागा नाही! पण लिंबांकडे बघितलं की मलाही शंका यायची. खरंच यांच्यामुळे तर नसेल? ती शंका मी शेवंतापुढे कधीच काढली नाही.

हंगाम संपत आला तशी बैठक ठरली. झाडं डोळ्यांनी बघून निकाल करायचा म्हणून चावडीऐवजी गायरानातच, दुपारी उन्हं कलल्यावर. लिंबाखाली घोंगड्या अंथरल्या, त्यावर मानाची माणसं बसली. बाकीचे भोवती उभे. कोपीवाले एका बाजूला, आम्ही बायका मागे पदर ओढून. शेवंता कमरेवर हात ठेवून उभी होती, दिवस अगदी भरत आलेले. 

मामंजी बोलायला लागले आणि थांबेनात. आजोबांनी लिंब कसे लावले, त्यांना घागरीने पाणी कसं घातलं, सावलीला गुरं कशी बसायची, सगळं सांगितलं. "हे गायरान गावच्या गुरांचं हाय. माणूस म्हनून मला बी कीव येती. पर आपल्या सोयीपायी आपन आपली झाडं मरू द्यायची व्हय? हंगाम झाला, आता ज्यानं त्यानं आपल्या गावाला जावं!" माना डोलल्या. मग वाळलेला शेंडा दाखवायला ते तावातावाने उभे राहिले आणि आमच्याकडे पाठ करून त्यांनी हात वर केला.

त्यांच्या पांढऱ्या शुभ्र धोतरावर, बसायच्या जागी, ताटाएवढा ओला चिखलट डाग होता.

 आणि शेवंता हसली. तिचं ते हसणं, तोंडावर हात न घेता!  आता संपलं सगळं, असं वाटलं. मामंजी गर्रकन वळले. "कोनी पानी सांडलं रे हितं?" कोणी म्हणालं, "कोनीच न्हाई." त्यांची समजूत घालायला म्हणून शेजारचे दोघे उठले, तर त्यांचीही धोतरं तशीच! मग जो तो उठून आपापल्या पाठीमागे हात लावून बघायला लागला. गावची सगळी प्रतिष्ठित मंडळी आपलं बूड चाचपत उभी आहेत, हा देखावा आठवला की मला अजून ठसका लागतो. घोंगडी उचलली, तर खालची भुई लिबलिबीत. गुरुजींनी छत्रीचं टोक मातीत रोवलं आणि उपसलं. त्या भोकात खालून पाणी वर आलं. गढूळ पाणी, काठापर्यंत, आणि तिथेच थांबलं.

ऐन फाल्गुनातल्या दुपारी, पाटापासून एवढ्या लांब, सखल गायरानात जमिनीतून पाणी! कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आमचे तुडुंब वाफे, आमच्या लागोपाठ पाळ्या, आडाचे कापलेले दोर, सगळं त्या भोकात भरून आलेलं दिसत होतं. लिंबाची मुळं पाण्यात उभी राहून कुजली होती. मामंजींनी वाकून त्या भोकात बोट बुडवलं. मग हळूच म्हणाले, "आपलंच पानी हाय हे."

तरी कोणीतरी चुळबुळ करत म्हणालंच, "पर भाईरची मान्सं ती भाईरचीच की."

तेव्हा आत्याबाई पुढे आल्या. बैठकीत बाईने बोलायची रीत नव्हती, पण ओल्या धोतराच्या माणसांत त्यांना अडवायचा धीर कोणाला होणार? "भाईरची? आमी समद्या बायका भाईरच्याच की ह्या गावात. येकीला तरी इचारलं का, किती दिस ऱ्हानार म्हनून? ही पोर माझ्या सुनंच्या गावची, म्हंजी तिची भन. भन बाळंतपनाला आली, तर तिला गाडीत घालून माघारी धाडू? मला न्हाई जमायचं. ज्याला जमंल त्यानं गाडी जुपावी."

गाडी जुंपायला कोणी उठलं नाही. गुरुजींनी छत्री झटकली आणि म्हणाले, "माझं म्हणणं मी सोडत नाही. माणसं मोजूनच ठेवायला हवीत. पण मग पाणीसुद्धा मोजूनच द्यायला हवं." आज वाटतं, त्या दिवशी सगळ्यांत शहाणं वाक्य तेच होतं. टाळी मात्र त्याला पडली नाही, ती आत्याबाईंना पडली. शेवटी ठरलं ते असं: ओल्या गायरानातून उठून वरच्या मुरमाड माळावर बसायचं, हिरवी झाडं तोडायची नाहीत, आणि प्रत्येक कोपीने दारात एक लिंब लावून जगवायचा. पावसाळ्यापर्यंत राहा, म्हणाले. त्यावर पुन्हा कोणी काही विचारलं नाही, आणि कोणी गेलंही नाही. आठवडाभरात शेवंता माळावरच्या कोपीत बाळंत झाली, आत्याबाई जातीने हजर होत्या. मुलगी झाली. गुरुजींच्या हिशोबात एक तोंड वाढलं आणि त्यांनीच तिला पहिलं झबलं आणलं.

तुम्हाला वाटेल, मग गाव पाणी बेताने वापरायला लागलं असेल. कसलं! कळलं सगळ्यांना, पण पुढच्या पाळीला मामंजी धोतर खोचून, फावडं घेऊन निघालेच. "थोडंच सोडतो," म्हणाले आणि बांध फुटेपर्यंत सोडलं. एवढ्या वर्षांची तहान एका ओल्या धोतराने थोडीच भागते? पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला, पाट आटला, आणि पुन्हा पाणी आलं तेव्हा तर गाव आणखीच सैरभैर झालं. गायरानाखालची आमची पट्टी आज चोपण आहे. उन्हाळ्यात तिच्यावर मिठासारखा पांढरा पापुद्रा येतो आणि गवतसुद्धा धरत नाही. काल पाण्यामागे चालत मी त्या पट्टीपर्यंत गेले, तिथून वळून माळ चढले.

माळावर आता चांगली वस्ती आहे, पक्की घरं, आणि लिंबांची एवढी दाट सावली की रस्त्यावरून घरं दिसत नाहीत. शेवंता दारातल्या लिंबाखाली बाजेवर बसली होती. दात गेले, आवाज तोच. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलीस. बघ खाली काय झालंय." खाली पाटाच्या कडेला निळ्या ताडपत्रीची खोपटी होती. गुऱ्हाळावर कामाला कुठून तरी लांबून, परप्रांतातून माणसं आली आहेत. त्यांतली एक बाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन शेवंताच्या कुंपणापाशी घुटमळत होती, आत यायचं धाडस होत नव्हतं. शेवंता तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला सांगत होती, "लई मान्सं झाली बाई. रोज नवी येत्यात. बाभळी तोडत्यात, पानी नासत्यात. आपल्याला पुरायचं कसं? सरपंचाला सांगून उठवाय पायजेत."

 मला रागही आला आणि हसूही आलं. मी म्हटलं, "शेवंते, बाजेवरून ऊठ आणि जरा खाली भुईवर बस बघू."

"का गं?"

"बस तर खरी."

ती माझ्या तोंडाकडे बघत कुरकुरत खाली बसली.  मग तिचा हात आपोआप लुगड्याच्या मागच्या बाजूला गेला. चाचपून बघितलं, कोरडंच होतं. आणि ती हसली, मोठ्याने, तोंडावर हात न घेता, धाप लागेपर्यंत. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुंपणापलीकडची बाई घाबरून दोन पावलं मागे सरली.

शेवंता माझा हात धरून उठली, पदराने डोळे पुसले आणि कुंपणाशी जाऊन फाटकाची कडी काढली. "ये आत. कोन गाव तुजं?"

त्या बाईने गावाचं नाव सांगितलं. आम्ही दोघींनी ते कधीच ऐकलेलं नव्हतं.

"असंल, असंल," शेवंता म्हणाली. "तितं बी पानी नसंल." आणि नळाची नळी ओढून तिने त्या हंड्यात सोडली.